सदर इसम हसत नाही

आमच्या गल्लीत दोन दुकानं अशी आहेत की त्यांच्या पायऱ्या चढल्याशिवाय कुणाला देश सोडता येत नाही. एक माझं, दुसरं हसऱ्यांचं. मी अर्ज भरून देतो, ते फोटो काढून देतात. समोर पासपोर्टची कचेरी आहे, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला आम्हाला कुठे जावं लागत नाही. दोन दुकानांमधली भिंत इतकी पातळ आहे की ते पलीकडे ‘हनुवटी खाली’ म्हणाले की माझ्यासमोर बसलेला माणूसही हनुवटी खाली घेतो.

हसरे हे त्यांचं आडनाव नव्हे. पण गल्लीने ते त्यांना इतकं घट्ट चिकटवलं की एक नवीन पोस्टमन त्यांच्या खऱ्या नावाची पत्रं ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा मारून दोन महिने परत पाठवत होता. मला ते अर्जवाले म्हणतात. तीस वर्षांत आम्ही एकमेकांना अरे-तुरे केलेलं नाही, आणि एकमेकांवाचून चहाही घेतलेला नाही.

आठ वर्षांचे असताना हसरे सायकलच्या कॅरिअरवरून तोंडावर पडले आणि ओठाचा डावा कोपरा फाटला. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर जेवायला गेलेले. कंपाउंडर म्हणाला, “त्यात काय, मी घालतो टाके.” माणूस हौशी होता. त्याने दोरा जरा जास्तच ओढला आणि तो कोपरा वर गेला तो गेला. वर पोराला दम भरला, “रडायचं नाही. रडलास तर टाके उसवतील.” टाके पंधरा दिवसांनी निघाले. पण ते ‘रडायचं नाही’ काढून टाकायचं कुणालाच सुचलं नाही, आणि हसऱ्यांनीही कधी आठवण केली नाही.

तेव्हापासून त्यांचा चेहरा असा, की आत्ताच कुणीतरी विनोद सांगितला आहे आणि तो यांना बऱ्यापैकी आवडला आहे. शाळेत ‘दात काय काढतोस’ म्हणून मार खाल्ला. लग्नाच्या वेळी मात्र हेच कामाला आलं. मुलगा हसतमुख आहे, असं सासऱ्यांनी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. पुढे बायको गेली त्या दिवशी ते दारात लाकडासारखे उभे होते. डोळे कोरडे, आणि तोंडावर तेच. त्यांची सख्खी मेहुणी माझ्याजवळ येऊन पुटपुटली, “जनाची नाही, मनाची तरी.” मी तिला काही बोललो नाही, याचा मला अजून राग येतो. हसतील त्यांचे दात दिसतील, ही म्हण दुसऱ्याला धीर द्यायला ठीक आहे. ज्याचे दात न हसताच दिसतात त्याने कुठली म्हण म्हणायची?

धंद्याला आधी हे तोंड बरं होतं. लग्नांचे फोटो काढायचे ते दिवस. रीळ धुवायला मागे अंधारी खोली होती, तिथल्या औषधी पाण्यात बोटं बुडवून बुडवून त्यांची बोटं काचेसारखी गुळगुळीत झाली. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, लग्नं घरातलीच माणसं टिपायला लागली, आणि हसऱ्यांकडे उरले फक्त पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो. म्हणजे वीस वर्षं ‘हसा’ म्हणण्यात गेली आणि पुढची सगळी ‘हसू नका’ म्हणण्यात.

याला कारण झालं ते सांगतो. ज्या देशात आमच्याकडची निम्मी मुलं जातात, त्या देशातल्या एका मोठ्या स्टेशनात स्फोट झाला. माणसं गेली. आम्हीही दोन दिवस टीव्हीसमोरून हललो नाही. असल्या गोष्टीची चेष्टा करायची नसते आणि मी करतही नाही. चेष्टा पुढे झाली, आणि ती आम्ही केलेली नाही. स्फोट करणारा तिथेच जन्मलेला, तिथेच शिकलेला, त्याने उभ्या जन्मात कधी व्हिसा मागितला नव्हता. पण भीती वाटली की माणूस आधी बाहेरचं दार लावतो, चोर माजघरात असला तरी. तिकडच्या सरकारने नियमांचं नवं पुस्तक काढलं. त्यात फोटोची चार पानं होती. चेहरा तटस्थ असावा, तोंड मिटलेले असावे, ओठांचे दोन्ही कोपरे एका रेषेत असावेत. त्यांच्या विमानतळावर दारातच कॅमेरा बसवला होता आणि तो फोटोतला चेहरा माणसाच्या चेहऱ्याशी ताडून बघणार होता. हसण्याने म्हणे यंत्राचा गोंधळ होतो.

त्या पुस्तकासोबतच एक रंगीत पत्रक यायचं, ‘आपले स्वागत आहे’ नावाचं. त्यात लिहिलेलं: ‘आमच्या देशात अनोळखी व्यक्तीशी नजरानजर झाल्यास स्मित करण्याची पद्धत आहे. तसे न केल्यास गैरसमज होऊ शकतो.’ म्हणजे दारापर्यंत हसलात तर संशय, आणि दार ओलांडल्यावर नाही हसलात तरी संशय. हे दोन कागद मी गिऱ्हाइकाला एकाच पिनेने टोचून देत असे.

माणसाला ‘हसू नका’ म्हटलं की तो हमखास हसतो. हसऱ्यांसारख्या तोंडाच्या माणसाने म्हटलं तर खदाखदा हसतो. पहिल्या आठवड्यात फोटोमागून फोटो वाया गेले. मग हसऱ्यांनी एक युक्ती काढली. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, हनुवटी खाली घ्यायला लावायची, कॅमेऱ्याला डोळा लावायचा आणि सहज विचारायचं, “निघताना गॅस बंद केला होता ना?”

चेहरा तत्काळ तटस्थ. ना हसू ना रडू, डोळे सरळ, कपाळाला आठी पडायच्या बेतात. ती पडायच्या आत खटका. एकही फोटो परत आला नाही. आमच्या गावातून गेलेली हजारो माणसं तिकडच्या सरकारदरबारी आजही गॅसच्या काळजीत बसलेली आहेत.

हसऱ्यांची एकुलती एक मुलगी याच वाटेने गेली. तिचा अर्ज मी भरला, फोटो बापाने काढला, गॅसचा प्रश्नही विचारला. ती तिकडे औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहते, जावई एका गोदामात पाळीवर जातो. मुलगी फोनवर म्हणायची, “बाबा, दिवसभर हसून हसून संध्याकाळी माझे गाल दुखतात. इथे हसणं पगारात धरलेलं असतं.” आणि एकदा म्हणाली, “स्फोटाची भीती इथे अजून आहे. बसमध्ये शेजारी कुणी बसलं की हसतात माझ्याकडे बघून. हसतात, आणि मग उठून दुसऱ्या बाकावर जातात.”

तिला एक मुलगी झाली. ही नात पाच वर्षांची होईपर्यंत हसऱ्यांनी तिला फोनच्या बाहेर पाहिलेलं नव्हतं. पण गट्टी जबरदस्त. ती स्वतःच्या ओठाचा डावा कोपरा बोटाने वर ढकलायची आणि म्हणायची, “मी आजोबा.” दुकानात बसलेली अख्खी रांग तिचा हा खेळ बघायची.

एका रविवारी ती घसरगुंडीवरून पडली. दोन्ही गुडघे सोलवटले, हनुवटीला खोक पडली. मुलीने तिला गप्प करायला घाईघाईने आजोबांना फोन लावला. मी शेजारीच होतो. रक्त बघून घाबरलेल्या हसऱ्यांनी फोन आणखीच तोंडाजवळ धरला. आणि पडद्यावर पोरीला काय दिसलं असेल? आपण रडतोय आणि आजोबांना मजा वाटतेय.

“आजोबा, तू हसतोयस,” ती म्हणाली, आणि तिने फोन पालथा घातला.

त्यानंतर ती फोनवर येईना. आई म्हणायची झोपली आहे, खेळते आहे. तीन आठवडे झाले. हसरे एक दिवस माझ्या दुकानात आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, तेव्हाच मी ओळखलं.

“अर्जवाले, मला एकदा जायला पाहिजे. आपला आजोबा आपल्याला हसतो, असं त्या पोरीच्या मनात बसलंय. हे फोनवर समजावता येत नाही. मी जेवढं समजावतो, तेवढा जास्त हसताना दिसतो.”

मी अर्ज काढला. आता इथे मला माझंही एक पाप कबूल करायचं आहे. अर्जात ‘शरीरावरील ओळखीची खूण’ असा एक रकाना असतो. तीस वर्षांत मी त्यात एकच उत्तर लिहीत आलो: उजव्या दंडावर तीळ. कोण कशाला बघतंय? माणूस समोर बसून आठवत बसतो, बायकोला विचारून येतो, रांग खोळंबते. त्यापेक्षा तीळ बरा. माझ्या अर्जांवर भरवसा ठेवायचा तर आमच्या गावात तिळावाचून एक दंड सापडायचा नाही. हसऱ्यांच्या अर्जातही हात आपोआप चालला आणि मी तीळ लिहून मोकळा झालो. ज्या माणसाची खूण गल्लीच्या टोकावरून दिसते, त्याला मी तीळ दिला.

अर्ज झाला, आता फोटो. तो यंत्राकडून पास व्हावा लागतो, आणि पाच वेळा नापास झाला तर वर्षभर अर्ज करता येत नाही. पहिला फोटो हसऱ्यांनी स्वतःच काढला, आरशात बघून, कोपरा जमेल तेवढा खाली दाबून. उत्तर आलं: ‘भाव तटस्थ नाहीत.’ दुसऱ्या वेळी मी बटण दाबलं आणि गॅसचं विचारलं. त्यांचं कपाळ काळजीत पडलं, तोंड पडलं नाही. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “थांबा, मी तिला आठवतो.” मी थांबलो. ती म्हणजे बायको, हे वेगळं सांगायला नको. बराच वेळ ते कॅमेऱ्याकडे बघत राहिले. मला बटण दाबवेना. शेवटी दाबलं. यंत्राचं उत्तर आलं: ‘भाव प्रसन्न.’

त्या दिवशी आम्ही दोघांनी दुकानं लवकर बंद केली.

चौथ्या वेळी मी कागदाचा रस्ता धरला. कागदावर माझा विश्वास आहे. नसता तर पोट कशावर भरलं असतं? सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठून दाखला लिहून घेतला. डॉक्टर भला माणूस, पण मराठी सरकारी वळणाची. त्यांनी लिहिलं: ‘प्रमाणित करण्यात येते की, सदर इसम हसत नाही. ओठावरील जुन्या टाक्यांमुळे तो हसत असल्याचा भास होतो.’ खाली गोल शिक्का. आम्ही तो अनुवादकाकडून त्यांच्या भाषेत करून घेतला आणि फोटोसोबत जोडला. दहा दिवसांनी फोटो परत आला आणि सोबत विचारणा आली: ‘अर्जदारास भास होतात असे दाखल्यावरून दिसते. कोणत्या प्रकारचे आणि कधीपासून, याचा खुलासा करावा.’

हसरे हा कागद वाचून खरोखरच हसले. मला फरक कळतो, कारण खरं हसताना त्यांचा उजवा कोपरा वर जातो.

उरला शेवटचा फोटो. हसऱ्यांनी खणातून चिकटपट्टीचं रीळ काढलं, पारदर्शक, फोटो पुठ्ठ्याला चिकटवायची ती. तुकडा गालाच्या खालच्या बाजूला लावला, जबड्यामागून खाली ओढला आणि दुसरं टोक कॉलरच्या आत मानेला चिकटवलं. कोपरा खाली आला.

“हसरे, फोटोत खाडाखोड केली तर जन्मभराची बंदी आहे,” मी म्हणालो. “चौथ्या पानावर लिहिलंय.”

“फोटोत कोण करतंय? मी चेहऱ्यात करतोय. ते कितव्या पानावर आहे?”

मी चारही पानं पुन्हा वाचली. कुठेच नव्हतं. बटण दाबलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘भाव तटस्थ. फोटो स्वीकारला.’ पुढे व्हिसाही आला. त्यावरच्या फोटोतल्या माणसाला मी तरी ओळखलं नसतं. पावसात छत्री मागितली तर ‘एकच आहे’ म्हणेल, असा कुणीतरी गृहस्थ होता तो.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. हसऱ्यांनी परत आल्यावर सांगितलं तसं सांगतो.

तिकडे ते सकाळी उतरले. रांग होती, रांगेच्या टोकाला काचेचं दार, दारावर कॅमेरा. समोर उभं राहायचं; चेहरा जुळला की हिरवा दिवा, दार उघडतं. हसऱ्यांना लाल दिवा लागला. तीनदा लागला. मागची माणसं हसून बघायला लागली आणि हसत हसतच चार पावलं मागे सरकली. एक बाई अधिकारी आली, त्यांना बाजूच्या खोलीत घेऊन गेली. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक फोन. बाई आल्यापासून हसत होती. त्यांची पद्धतच ती. दुभाषा फोनवर होता, कुठल्या तरी घरातून बोलत होता, मागे नळ वाहत होता.

“त्या विचारतायत, तुम्ही का हसताय?”

“मी हसत नाहीये.”

“त्या म्हणतायत, त्यांना दिसतंय.”

टेबलावर व्हिसावरचा तो छत्री न देणारा गृहस्थ, आणि समोर हे. दुभाषा म्हणाला, “त्या विचारतायत, हा माणूस कोण आहे आणि तो कुठे आहे?” हसऱ्यांनी दाखला काढला. बाईने वाचला आणि ‘भास’ या शब्दापाशी थांबली. मग बोटांचे ठसे घ्यायचं ठरलं. यंत्र म्हणालं, बोट ठेवा. यांनी ठेवलेलंच होतं. दहाही बोटं झाली. अंधाऱ्या खोलीने त्यातल्या रेषा कधीच धुऊन नेल्या होत्या. मग बाईने अर्ज उघडला आणि बाह्या वर करायला सांगितल्या. उजवा दंड बघितला. टेबलावरचा दिवा जवळ आणून बघितला. चुकून उलटं लिहिलं असेल म्हणून डावाही बघितला.

“त्या विचारतायत, तीळ कुठे आहे?”

“तीळ अर्जवाल्यांकडे आहे,” हसरे म्हणाले. काय बोलणार दुसरं? दुभाष्याने याचं काय भाषांतर केलं देव जाणे, पण बाईने ते लिहून घेतलं. म्हणजे मी आता तिकडच्या दप्तरी आहे.

असे तीन तास गेले. दोघं एका टेबलाशी समोरासमोर बसून एकमेकांकडे हसून बघत होती आणि दोघांपैकी एकालाही हसू येत नव्हतं. दुपारच्या विमानाने परत पाठवावं लागेल, असं बाईने सांगितलं. तेही हसून.

बाहेर मुलगी आणि नात सकाळपासून ताटकळत होत्या. शेवटी बाईने मुलीला आत बोलावलं, ओळख पटवायला. दारावर काच होती. नात काचेला नाक लावून उभी राहिली. आत बघितलं. आजोबा तिला पहिल्यांदाच सबंध दिसत होते, पायांसकट. फोन पालथा घातल्याला दोन महिने झाले होते. तिने बोट उचललं आणि स्वतःच्या ओठाचा डावा कोपरा वर ढकलला.

बाईने तिच्याकडे बघितलं, हसऱ्यांकडे बघितलं. आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिचं हसू गेलं. हसरे म्हणतात, हसू गेल्यावर ती बरीच माणसासारखी दिसत होती.

“त्या म्हणतायत, हा माणूस तुम्हीच, याबद्दल आता त्यांना शंका नाही. पण दार यंत्राने उघडायचं असतं, त्यांनी नाही. त्या विचारतायत, फोटोत तोंड सरळ कसं झालं?”

इथे हसऱ्यांची खरी पंचाईत झाली. खोटं बोलावं तर दुपारचं विमान, खरं बोलावं तर कदाचित जन्मभराची बंदी. काचेपलीकडे नातीचं बोट अजून ओठावरच होतं.

“टेप,” ते म्हणाले.

“टेप? कसलं रेकॉर्डिंग केलंय तुम्ही?” दुभाष्याचा आवाज एकदम बदलला, मागचा नळही बंद झाला.

“अहो, चिकटपट्टी.”

दुभाष्याने सांगितलं. बाईने खण उघडला, चिकटपट्टीचं रीळ काढून टेबलावर ठेवलं आणि पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत उभी राहिली. खोलीला खिडकी नव्हती.

हसऱ्यांनी गाल ओढून घेतला, कॉलर नीट केली आणि पुन्हा त्या दारासमोर जाऊन उभे राहिले. स्वतःच्या तोंडाने गेले तेव्हा यंत्राने तिऱ्हाईत ठरवलं होतं. तोंड बांधून गेल्यावर हिरवा दिवा लागला. वर अक्षरं उमटली: स्वागत आहे.

ते तिकडे दोन महिने राहिले. पोरीचं मन वळवायला मोठं भाषण तयार करून नेलं होतं, ते करावं लागलं नाही. चौथ्याच दिवशी ती पुन्हा पडली, यांनी धावत जाऊन उचलून घेतलं, आणि ती त्यांच्या खांद्यावर तोंड लपवून मनसोक्त रडली. कडेवर घेतल्यावर आजोबांचं तोंड दिसत नाही. फोनला हे जमत नाही. नंतर तिने टाक्यांच्या खुणेवरून बोट फिरवून विचारलं, “दुखतं का?” हे म्हणाले, “आता नाही.” संपलं भांडण.

आणि एक गंमत. त्या देशात हसऱ्यांइतकं कौतुक आमच्याकडच्या कुणाचं झालं नसेल. रस्त्यात, दुकानात, बसमध्ये, ज्याच्या त्याच्याशी नजरानजर झाली की यांचं हसू तयार. यांच्या शेजारून उठून कुणी दुसऱ्या बाकावर गेलं नाही. शेजारीण मुलीला म्हणाली, तुझ्या वडिलांनी आमच्या पद्धती किती लवकर उचलल्या. जावई बिचारा दहा वर्षं तिथे राबतोय, त्याला असं कुणी म्हटलं नाही. कंपाउंडरचं काम शेवटी परदेशात नावाजलं गेलं.

दुपारी मुलगी कामावर गेली की आजोबा-नातीचं फोटोचं दुकान चालायचं. नात फोटोग्राफर, हे गिऱ्हाईक. तिला गॅसची युक्ती शिकवली होती. ती एक डोळा मिटून अगदी यांच्याच सुरात विचारायची, “निघताना गॅस बंद केला होता ना?” आणि यांचं तोंड सरळ झालं नाही की चिडायची. “आजोबा, तुला येतच नाही.”

परतायचा दिवस आला. जातानाही तसलंच काचेचं दार, तसलाच कॅमेरा. हसरे आता शहाणे झाले होते. चिकटपट्टीचा तुकडा घरूनच कापून पासपोर्टच्या आतल्या बाजूला लावून ठेवला होता. दारापाशी गेलं की काढायचा आणि लावायचा.

“मुलीचा निरोप घेतला, जावयाचा घेतला,” ते मला सांगत होते. समोर चहा निवत होता. “नात कठड्यापाशी उभी होती. तिला आईने बजावलं होतं, रडायचं नाही, आजोबांना त्रास होतो. ती रडली नाही हो. ओठ घट्ट मिटून उभी. मी दारासमोर गेलो, पासपोर्ट उघडला. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला.”

“काय म्हणाली?”

“आजोबा, निघताना गॅस बंद केला होता ना?”

हसऱ्यांनी पासपोर्ट उघडून माझ्यासमोर धरला. चिकटपट्टीचा तुकडा जिथल्या तिथे होता, न वापरलेला, कडेला थोडी धूळ बसलेला.

“साठ वर्षांनी टाके उसवले बघा,” ते म्हणाले. “तिथे, सगळ्यांसमोर. मला पट्टीला हात लावायचंही भान राहिलं नाही.”

“आणि दार?”

“उघडलं की,” हसरे म्हणाले. “पहिल्याच झटक्यात.”